वाळूच्या आधीचा श्वास

थोरल्याने दारातच बूट काढता काढता विचारलं, "झालं का?"

"आत्ता कुठे डिस्क दुसऱ्या ड्राइव्हला लावलीय," धाकटा म्हणाला.

"म्हणजे पहिल्यावर झालं. मग काय आलं?"

"दोन्हींचं झाल्याशिवाय बघायचं नाही, असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"मी," स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला. "तू आधी बस. पाणी पी."

थोरला बसला नाही. जेवणाच्या टेबलाभोवती एक फेरी मारून त्याने सगळं नजरेखालून घातलं. मधोमध लॅपटॉप, त्याला केबलने जोडलेला एक जाडजूड ड्राइव्ह, धाकट्याने जुन्या बाजारातून शोधून आणलेला. शेजारी बाजूला काढून ठेवलेला दुसरा. आत डिस्क फिरत होती आणि टेबलावरच्या पेल्यातलं पाणी बारीक थरथरत होतं. लॅपटॉपसमोर धाकट्याची बायको, तिच्या मांडीवर त्यांची लेक चिमी, आणि चिमीच्या तोंडात डिस्कच्या रिकाम्या डबीचा कोपरा.

"हे चालतं का तिला चघळायला?"

"धुऊन दिलीय," सून म्हणाली. तिने मान वर केली नाही. एका हाताने ती केबल चिमीच्या हातापासून लांब सारत होती, आणि चिमी पुन्हा पुन्हा तिकडेच झेपावत होती.

"आप्पा?"

"पडलेत आत. डिस्क कुठाय म्हणून विचारत होते. पुसायला काढलीय म्हणून सांगितलं."

थोरला शेवटी खुर्ची ओढून बसला. ही सगळी उठाठेव त्याला पटलेली नव्हती. आईच्या आवाजातली हीच डिस्क त्याने मागे आपल्या चष्म्याच्या दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, संगणकात उतरवून घेतली होती. कपातला चहा निवायच्या आत काम झालं होतं. ती कॉपी आप्पांना ऐकवली, तर ते म्हणाले, "तूही तेवढंच वाक्य हरवलंस."

"माझी कॉपी वाईट होती, असंच ना तुझं अजून?" त्याने धाकट्याला विचारलं.

"वाईट नाही रे दादा. घाईची होती. तसला प्रोग्रॅम एकदा वाचतो आणि पुढे जातो. जिथे वाचता आलं नाही तिथे आजूबाजूचं बघून अंदाजाने भरून टाकतो. आणि भरलं, हे सांगतही नाही."

"बरेच लोक असेच असतात."

"हा तसा नाही. हा प्रत्येक तुकडा दोनदा वाचतो. दोन्ही वेळचं जुळलं तर पुढे. नाही जुळलं तर पुन्हा, पुन्हा, जुळेपर्यंत. आणि तरीही नाही जुळलं तर शेवटी स्पष्ट सांगतो की बाबा, इथे मला खात्री नाही."

थोरल्याने चष्मा काढून पुसला. डोळे तपासायला येणारे काही म्हातारे त्याच्या चांगले ओळखीचे होते. तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ करून यायचे आणि न अडखळता म्हणून दाखवायचे. तक्ता बदलला की गप्प व्हायचे. आप्पांचं हे हरवलेलं वाक्यही त्याला त्या म्हाताऱ्यांच्या पाठ ओळीसारखं वाटायचं, पण असं बोलायची ही जागा नव्हती.

"वृद्धनिवासातून पुन्हा फोन आला होता," तो म्हणाला. "एकच जागा रिकामी आहे. आज संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाले, नाहीतर दुसऱ्यांना देतील."

धाकट्याने नजर लॅपटॉपकडे वळवली, सून चिमीचं झबलं सारखं करू लागली. पेल्यातलं पाणी थरथरत राहिलं.

चिमी बाकावर सापडली, त्या दुपारपासून या घरात निवास हा शब्द कुणी उच्चारला की असंच व्हायचं. त्या दिवशी आप्पांनी डिस्क ऐकली, त्यातल्या नेहमीच्या ओळीपाशी ते उठले, आणि पाळण्यातल्या चिमीला उचलून सरळ खाली उतरले. सून बाथरूममध्ये होती. आप्पा सापडले ते मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्यांपाशी, कोपरापर्यंत हात बरबटलेले. चिमी त्यांच्याजवळ नव्हती. कुठे ठेवली, ते त्यांना सांगता येईना. बसथांब्याच्या बाकावर एका अनोळखी बाईने तिला धरून ठेवलं होतं. नाहीतर ती पडलीच असती, रस्त्याच्या बाजूला.

त्या रात्री सून एकदाच म्हणाली होती, "त्यांना कुठेतरी ठेवायला हवं." त्यानंतर ती त्यावर बोलली नव्हती. पण घर ते विसरलं नव्हतं.

*

ताईने चहा गाळला आणि सुनेला आत हाक मारली. "जरा ये गं. त्याला बसू दे थोडा वेळ तिथे."

सून चिमीला कडेवर घेऊन आली. येताना तिने शेगडीकडे पाहिलं, सुरीकडे पाहिलं, आणि सुरी उचलून वरच्या फळीवर ठेवली. ताईने ते पाहिलं. आईच्या हयातीत जुन्या घराच्या स्वयंपाकघरात तीन मुलं वाढली होती आणि सुऱ्या खालीच असायच्या, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"एक सांगते, राग मानू नकोस," ताई म्हणाली. "निकाल येईल तो तू वाचू नकोस. मी वाचीन."

"बरं."

"म्हणजे तू काही खोटं सांगशील असं नाही."

"कळलं, ताई."

"नंतर कुणी म्हणायला नको. तुझं मत सगळ्यांना माहीत आहे."

"माझं मत मी एकदाच सांगितलं होतं."

"एकदाच पुरतं गं काही वेळा," ताई म्हणाली, आणि लगेच तिला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली. तिने कप पुढे केला. "साखर बघ."

सुनेने चहाचा घोट घेतला. मग हळूच म्हणाली, "तुम्ही न्याल का त्यांना, ताई? थोडे दिवस?"

ताईला प्रश्नाचा राग आला नाही. तो इतक्या साध्या आवाजात विचारला होता की राग धरायला जागाच नव्हती. "माझ्याकडे सासूबाई आहेत. जिना आहे. मी शाळेत गेल्यावर घरात कोण?" ती म्हणाली. ही तिन्ही कारणं खरी होती. तरी एकापाठोपाठ एक म्हणताना तिला ती वर्गातल्या मुलीच्या सबबींसारखी ऐकू आली.

"म्हणून म्हणते, डिस्कमध्येच बिघाड निघू दे," ती पुढे म्हणाली. "आप्पा म्हणतात तिथे वाक्य गेलंय. अगं, ज्या माणसाने जन्मभर आवाज टिपले, त्याला एवढं कळणार नाही? ते वाक्य मिळालं की ते उठणार नाहीत, बाहेर जाणार नाहीत. तुलाही घोर नाही."

"हो," सून म्हणाली. "तसं झालं तर बरंच."

ताईने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तिथे काही दिसलं नाही. ही मुलगी नेहमी सगळ्यांकडे बघत असते आणि स्वतः मात्र सापडत नाही, असं आई गेल्यावर पहिल्यांदा ताईला वाटलं होतं. अजूनही वाटत होतं.

तिला जुन्या घराच्या मागची ती खोली आठवली. आप्पांचं रेकॉर्डिंग. अंध मुलांच्या शाळेसाठी आई धडे वाचायची, इतिहास, भूगोल, सगळं. आप्पा काचेच्या अलीकडे. त्यांनी तर्जनी वर केली की घरभर शांतता. पायातली चप्पल हातात घ्यायची. शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचं. बोट खाली येईपर्यंत भांडण जागच्या जागी थांबायचं आणि खाली आलं की तिथूनच पुढे सुरू. बाहेरच्या लोकांना हे सांगितलं की हसायचे. या घरात मात्र आजही आप्पांनी बोट वर केलं की चाळिशी उलटलेला थोरला तोंडातला घास चावायचा थांबतो.

आणि आप्पांच्या टेबलाखाली पडलेले टेपचे तुकडे. तपकिरी, चकचकीत, बोटभर, वीतभर. आप्पा ब्लेडने कापून टाकायचे, ती गोळा करायची. तिच्या कापडी बाहुलीला तिने त्यांचे केस लावले होते, लांबसडक, आणि रोज त्यांची वेणी घालायची. बाहुली कधी गेली, कुठे गेली, घर बदलताना की त्याच्या आधीच, ते तिला आठवेना.

बाहेरून धाकट्याची हाक आली. "या. नदीचा धडा आला."

*

पडद्यावर एक पट्टी होती. ती डावीकडून उजवीकडे भरत जायची. धाकटा तिच्याकडे असा बघत होता जसा लिफ्ट दुरुस्त केल्यावर पहिल्या फेरीला मजल्यांच्या आकड्यांकडे बघायचा. त्या कामात थांबणं म्हणजे बिघाड. आज त्याला हवं होतं की पट्टी थांबावी.

डिस्कवर ओरखडा असेल, आतला थर उडाला असेल, तर प्रोग्रॅम तिथे अडखळेल. ड्राइव्हचा आवाज बदलेल, फिरणं मंदावेल, तो पुन्हा पुन्हा त्याच जागी जाईल. म्हणजे आप्पा बरोबर. म्हणजे तिथे काहीतरी आहे, फक्त नीट वाचायला हवं, आणि हा प्रोग्रॅम रात्रभर लागला तरी ते वाचून काढील. पहिल्या ड्राइव्हवर पट्टी त्या जागेवरून सरळ निघून गेली होती. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. तो ड्राइव्ह खपवून घेणारा असेल. काही असतात तसे. म्हणून तर त्याने हा दुसरा शोधून आणला होता, कडक म्हणून नावाजलेला.

यासाठी त्याने सगळं शिकून घेतलं होतं. प्रत्येक ड्राइव्ह डिस्क वाचायला केसभर आधी किंवा केसभर नंतर सुरुवात करतो, तो फरक बाजारातली एखादी डिस्क लावून आधी काढून घ्यावा लागतो. बाजारातल्या डिस्कचं बरं असतं. जगभरच्या कितीतरी लोकांनी तिची कॉपी काढून ठेवलेली असते, आपली त्यांच्याशी ताडून बघता येते. आईच्या डिस्कचं तसं नव्हतं. ती आप्पांनी एकदाच लिहिली होती. मूळ टेप त्यांनी रिवाजाप्रमाणे पुसून पुढच्या कामाला घेतली होती. आप्पांच्या हाताखाली कुठली टेप कधी रिकामी पडून राहिली नाही. तेव्हा ताडून बघायला जगात दुसरं कुणी नव्हतं. हे दोन ड्राइव्हच एकमेकांचे साक्षीदार.

"इथेच ना?" थोरल्याने विचारलं.

"अजून थोडं पुढे."

त्या जागी काय ऐकू येतं, ते घरात सगळ्यांना पाठ होतं. आई वाचते, 'नदी डोंगरातून उतरते तेव्हा बरोबर दगड आणते. मोठे दगड वाटेत राहतात.' मग ती श्वास घेते. तो श्वास पुरा होत नाही. टक् असा बारीक आवाज, आणि लगेच, 'वाळू मात्र समुद्रापर्यंत जाते.' बस एवढंच. आप्पा तिथे ताठ बसायचे. तिने श्वास घेतला तो बोलायला, म्हणायचे. मग बोलणं कुठाय? आणि उठायचे.

पट्टी त्या जागेपाशी आली.

धाकट्याने टेबलाची कड धरली. ताईने पदराच्या टोकाने कपाळ टिपलं. सुनेने चिमीच्या तोंडातली डबी काढून घेतली, ती रडणार इतक्यात पुन्हा दिली.

पट्टी पुढे गेली. थांबली नाही, मंदावली नाही. ड्राइव्हच्या आवाजात सुईएवढाही फरक पडला नाही.

"झालं?" थोरला म्हणाला. "हेच ना?"

"सगळं संपू दे," धाकटा म्हणाला. "अहवाल येऊ दे."

सगळ्यांनी चहा संपवला. खालच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर सरकवत होतं. शेवटी ड्राइव्हने डिस्क आपणहून बाहेर सरकवली, चिमीने तिच्याकडे हात केला, आणि सुनेने तिचा हात वरच्या वर धरला. "गरम आहे, हं."

ताई पडद्यासमोर बसली. चष्मा लावला. शाळेत हजेरी घेतल्यासारखं ती एकेक ओळ वाचू लागली. प्रत्येक ट्रॅकपुढे प्रोग्रॅमने त्यातल्या आवाजावरून काढलेला एक आकडा होता, अक्षरं आणि अंक मिसळलेला. आवाजाचा एक कण बदलला तरी तो आकडा सगळाच्या सगळा बदलतो, असं धाकट्याने आधीच सांगून ठेवलं होतं. पहिल्या ड्राइव्हचा अहवाल थोरल्याच्या हातात होता. ताई म्हणायची, तो "हं" म्हणायचा.

नदीच्या ट्रॅकला ती थांबली. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून तिने आकडा वाचला.

थोरल्याने कागदावर बोट फिरवलं. "हं," तो म्हणाला.

"पुन्हा बघ."

"बघितलं, ताई. तोच आहे."

"आणि खाली काय लिहिलंय?" धाकट्याने विचारलं. त्याला ते बसल्या जागेवरून दिसत होतं.

ताईने वाचलं. वाचायचा प्रत्येक प्रयत्न जुळला. शंकेची एकही जागा नाही. चूक आढळली नाही.

"दोन्ही ड्राइव्ह चुकले असतील तर?" धाकटा म्हणाला.

"सारखेच चुकले?" सून म्हणाली. ती बोलणार नव्हती. तोंडून निघून गेलं.

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं पाहिलेलं तिला आठवत नव्हतं. "तुला बरं वाटलं असेल," तो म्हणाला.

"अरे," ताई म्हणाली.

"नाही, बरोबरच आहे तिचं. डिस्कवर वाक्य नाही. नव्हतंच. दादाची कॉपीही बरोबरच होती. सगळंच बरोबर आहे. फक्त आप्पा..." त्याने पुढचं बोलायच्या ऐवजी लॅपटॉपचं झाकण लावलं.

थोरला उठला आणि फोन घेऊन गॅलरीत गेला. ताई त्याला अडवील असं सगळ्यांना वाटलं. ती कपांना कप लावून ट्रेमध्ये ठेवत राहिली. काचेपलीकडून थोरल्याचा दुकानातला आवाज ऐकू येत होता, गोड, बेताचा. "हो, हो. उद्या सकाळी आणतो. नाही, चालतात, फिरतात. तेवढं एक सोडलं तर काही त्रास नाही."

*

कपडे भरायचं काम सुनेकडे आलं. असं कुणी ठरवलं नव्हतं. ताईने कपाटातून पिशवी काढून दिली आणि धाकटा खाली जातो म्हणून निघून गेला, म्हणजे ते तिच्याकडेच आलं.

आप्पा पलंगाच्या कडेला बसले होते, मांडीवर रिकामा प्लेअर घेऊन. तिने डिस्क त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात तिरकी धरून पाहिली, मग कडेने उचलून प्लेअरमध्ये बसवली. पृष्ठभागाला बोट लागू दिलं नाही. नातीला कुठे ठेवली ते ज्यांना आठवलं नव्हतं, त्यांचे हात हे विसरले नव्हते.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

ती चिमीला पलंगाच्या आतल्या बाजूला, भिंतीशी बसवत होती. स्वतः तिच्यात आणि आप्पांत बसली. "डिस्क चांगली आहे, आप्पा. सगळं नीट आहे तिच्यात."

"मग मी काय सांगतोय?" आप्पा म्हणाले. त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. "डिस्क चांगलीच आहे. मी लिहिलीय. डिस्कला काय झालंय?"

सुनेच्या हातात एक सदरा होता. तिने तो मांडीवर ठेवला. "पण तुम्हीच म्हणता ना, तिथे वाक्य गेलं?"

"गेलं म्हणजे डिस्कमधून कसं जाईल? त्याच्या आधी गेलं."

"आधी?"

आप्पांचा डावा अंगठा हवेत कशावर तरी टेकला आणि उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या शेजारून तिरकी खाली आली. मग थोडं पुढे, पुन्हा तशीच. मग डाव्या हाताने मधलं काहीतरी उचललं आणि बाजूला टाकलं.

"टेप तिरकी कापायची," ते म्हणाले. "मग जोड ऐकू येत नाही. इथे सरळ कापलं गेलं. घाई होती. म्हणून टक् होतं."

ती बघत राहिली. ते पलंगाशेजारच्या फरशीकडे बघत होते.

"काय होतं त्यात, आप्पा?"

"कशात?"

"कापलं त्यात."

"तिचं आपलं नेहमीचं. धडा वाचता वाचता मधेच. 'अहो, तुम्ही जेवलात का?'" त्यांनी ते अगदी गेलेल्या सासूबाईंच्या चालीवर म्हटलं, शेवट थोडा वर नेऊन. चिमी त्यांच्याकडे बघू लागली. "नदीच्या धड्यात ते कशाला? त्या मुलांना काय करायचंय, मी जेवलो का नाही. कापलं. नेहमीच कापायचो. सगळं साफ. अख्ख्या कपाटात बघ तू, सगळ्या डिस्क लावून बघ, तुला कुठे 'अहो' सापडायचं नाही."

सदऱ्याचं एक बटण सैल झालं होतं. ते चिमीच्या हाती लागलं तर तोंडात जाईल, म्हणून सुनेने ते ओढून तोडलं आणि मुठीत धरलं. मूठ तिने उघडली नाही.

"कापलेलं खाली पडलेलं असतं," आप्पा म्हणाले. "केर काढून नेला कुणीतरी. गाडी यायच्या आत बघायला पाहिजे."

तिला कचऱ्याचे डबे दिसले, कोपरापर्यंत बरबटलेले हात दिसले. आणि त्या हातांत थोड्या वेळापूर्वी चिमी होती, हेही दिसलं. बसथांब्याचा बाक, त्याची लोखंडी कड, अगदी जवळून जाणाऱ्या गाड्या. या माणसाची आठवण कुठेही चुकलेली नव्हती, आणि त्या आठवणीच्या मागे तो उद्याही जाईल, परवाही. जाताना पाळण्यात जे असेल ते उचलून नेईल आणि कुठेतरी ठेवून देईल. दोन्ही खरं होतं.

दाराशी चाहूल लागली. ताई होती. डोळे पुसून आली होती, आणि ते लपवायचा तिने प्रयत्न केला नव्हता.

"काय म्हणतायत?" तिने विचारलं.

हे सांगितलं तर ताई काय करील, ते सुनेला पुरतं माहीत होतं. ती इथेच जमिनीवर बसेल. थोरल्याला पुन्हा फोन करायला लावील. आप्पा शहाणे आहेत, आम्हीच वेडे, म्हणेल. आणि रात्री आपल्या घरी जाईल. धाकटा खालून वर येईल, हसेल, कितीतरी दिवसांनी हसेल. आणि उद्या दुपारी घरात पुन्हा आप्पा, ती, आणि चिमी.

"जेवणाचं विचारतायत," सून म्हणाली.

"आत्ता तर जेवले की रे देवा," ताई म्हणाली. दाराच्या चौकटीला डोकं टेकून ती क्षणभर उभी राहिली. "हेही आता लक्षात राहत नाही." मग बाहेर वळून तिने थोरल्याला ते सांगितलं, आणि थोरल्याचा आवाज आला, "बघ. मी काय म्हणत होतो."

आप्पांना यातलं काही ऐकू गेलं का, ते कळलं नाही. त्यांनी प्लेअरचं बटण दाबलं होतं आणि पुढे सरकवत नेमक्या जागी आणलं होतं. सासूबाईंचा आवाज खोलीत आला, स्वच्छ, कुणाशीच न बोलणारा. नदी डोंगरातून उतरते तेव्हा बरोबर दगड आणते.

चिमीने भिंतीवर हात आपटून काहीतरी मोठ्याने म्हटलं.

आप्पांनी तर्जनी वर केली.

बाहेर कपांचा आवाज थांबला. थोरल्याचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. सुनेने चिमीला जवळ ओढलं आणि तळहात तिच्या तोंडावर हलकेच ठेवला. दुसऱ्या हाताच्या मुठीत बटण रुतत होतं.

मोठे दगड वाटेत राहतात. श्वास. टक्. वाळू मात्र समुद्रापर्यंत जाते.

आप्पांचं बोट खाली आलं नाही. ते तिच्याकडे बघत होते, ती काही बोलेल म्हणून. घर गप्प होतं, आणि तीही.